वाहत्या पाण्याची आण

पूल जिथे सुरू होतो तिथे डांबरात एक लोखंडी पट्टी आडवी बसवलेली आहे. उन्हाळ्यात पूल प्रसरण पावतो, थंडीत आकसतो. त्याला हलायला जागा हवी, म्हणून पट्टीच्या दोन पात्यांमध्ये बोटभर फट ठेवलेली असते. त्या फटीत धूळ साचली होती आणि धुळीत हरळीचं एक रोप उगवलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली त्याचा शेंडा रोज चिरडला जात होता, तरी ते हिरवं होतं.

निनाद माने या पट्टीच्या अलीकडे थांबायचा. पट्टीखाली अजून जमीनच होती, जांभळी नदीचं पाणी बरंच पुढे होतं. पण रस्ता इथे संपतो आणि पूल इथे सुरू होतो हे त्याच्या पायांना कळायचं. आधी डाव्या पायाचा अंगठा चपलेत आत वळायचा. मग पोटरी ताठ व्हायची. शाल्मलीनं हे इतक्यांदा पाहिलं होतं की आता भावाच्या तोंडाकडे बघण्याआधी ती त्याच्या अंगठ्याकडे बघायची.

ती पुलावरून चालत आली आणि पट्टी ओलांडून त्याच्या बाजूला गेली. तिला काही होत नसे.

"काय आणलंस?" निनादनं डबा हातात घेत विचारलं.

"वरणफळं. आईनं करायला लावली. म्हणाली, निनूला आवडतात."

"तिनं खाल्ली?"

"दोन घास."

"दोनच?"

"दोन खूप झाले रे आता."

दोघं कठड्याला टेकून उभी राहिली. निनाद अलीकडे, तालुक्याच्या गावात राहायचा. तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायचा. नदीपलीकडे माळेवाडी. तिथल्या घरात आई होती आणि तिच्या शुश्रूषेसाठी भूजल सर्वेक्षणाच्या कार्यालयातून लांब रजा काढून आलेली शाल्मली. पाण्याच्या टाकीचा पांढरा गोल इथून दिसायचा. टाकीमागचं तिसरं घर त्यांचं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत निनाद रोज मोटारसायकलवरून या पुलावरून ये-जा करत होता.

"फोनवर बोलेल का ती आज?" त्यानं विचारलं.

"नको म्हणते. फोनात काय तोंड बघायचं, म्हणते. तोंड दाखवायचं असेल तर दारात येऊन दाखव, म्हणते."

निनाद हसला. "शाळेत पण तसंच. वर्गात आलास तरच हजेरी."

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिचं हृदय आता थकलं होतं आणि छातीत पाणी साचत होतं. पहिलं वर्षभर तिला गाडीत घालून अलीकडे आणता आलं असतं; पण तेव्हा ती हट्टाला पेटली होती. पोटच्या पोरानं आईकडे यायचं असतं, असलं खूळ डोक्यात घेतलेल्या पोराकडे आईनं जायचं नसतं. हट्ट विरला तोवर शरीर गेलं होतं. गेल्या खेपेला दवाखान्यातून घरी आणताना ती रस्त्यातच निळी पडली. तालुक्याच्या डॉक्टरांनी बजावलं की यापुढे हलवू नका. आणि आईनं बजावलं की यापुढे या घरातून मला खांद्यावरूनच न्या.

"चल, निघते," शाल्मली म्हणाली. "पुढच्या रविवारी भेटू."

पूर्वी ती म्हणायची, 'ये मग रविवारी.' 'ये' हा शब्द तिनं त्याच्याशी बोलताना वापरायचं सोडून दिलं होतं. एवढासा शब्द, पण बोलण्यातून उपटून काढायला तिला महिने लागले होते.

*

ज्या खेळामुळे हे झालं तो खेळ तिनंच घरात आणला होता.

अवेरन हे त्या खेळातल्या जगाचं नाव. डोळ्यांवर चष्मा चढवला की धुक्याची बेटं, दगडी किल्ले, जंगलं. तिथे प्रत्येकानं आपलं एक पात्र घ्यायचं आणि त्या पात्राचं आयुष्य जगायचं. त्या जगात पाच धर्म होते. शाल्मलीला त्यातला नवराई आवडला. युरोपातल्या प्राचीन केल्टिक लोकांच्या धर्माबद्दल जे थोडंफार ठाऊक आहे, त्यावरून खेळ रचणाऱ्यांनी तो बेतला होता. त्यात देऊळ नव्हतं. नऊ पवित्र राया होत्या, ओक, हेझल, यू अशा झाडांच्या. प्रत्येक झऱ्याला देवता होती. झऱ्याला काही अर्पण करायचं तर ते आधी वाकवून निकामी करायचं, म्हणजे माणसाच्या उपयोगाचं उरत नाही आणि देवतेचं होतं. वाहतं पाणी ही जिवंत आणि मेलेल्यांच्या मुलखांमधली सीमा. आणि सगळ्यांत कडक नियम असा की धर्मातलं काहीही लिहून ठेवायचं नाही. मंत्र, वंशावळी, झाडांची नावं, सारं एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं ऐकून पाठ करायचं.

दिवसभर नकाशांत डोकं घालणाऱ्या शाल्मलीला हे न लिहिण्याचं जग विश्रांतीसारखं वाटलं. तिनं निनादलाही ओढलं. भाऊबहीण वेगवेगळ्या गावांत राहत होती. संध्याकाळी अवेरनच्या ओकखाली भेटायची. आई म्हणायची, "माझ्याजवळ बसायला दोघांना सवड नाही, तिकडं मात्र रोज झाडाखाली पंगत."

राईत दीक्षा घेताना दोन आणा घ्याव्या लागत. आण म्हणजे जन्मभराचा निर्बंध. एक आण तुमच्यावर माया असणाऱ्या माणसानं घालायची, दुसरी तुमची तुम्ही. निनादचं पात्र उतावीळ. दिसली नदी की घातली उडी, असं करून तीनदा बुडालं होतं. म्हणून शाल्मलीनं राईतल्या सगळ्यांसमोर त्याला आण घातली: "तू वाहतं पाणी ओलांडायचं नाहीस." सगळे हसले. मग निनादनं स्वतःची आण घेतली. लहानपणी तो नदीवर खेळायला जायचा आणि आई शाल्मलीला त्याला बोलवायला पाठवायची. पहिल्या हाकेला तो मान वळवायचा नाही, दुसरीला हात हलवायचा आणि तिसरीला धावत सुटायचा, कारण तिसऱ्या हाकेनंतर आई स्वतः यायची. ते आठवून तो ओकसमोर म्हणाला, "ताईनं तीनदा बोलावलं तर मी जिथं असेन तिथून येईन. नाही म्हणणार नाही." शाल्मलीला तेव्हा गहिवरून आलं होतं. बदल्यात त्यानं तिला एकटीनं न जेवण्याची आण घातली.

तिची आण तिनं त्याच आठवड्यात कार्यालयातल्या टेबलावर मोडली. तिला काही झालं नाही. निनादचं तसं झालं नाही, याचं कारण त्याची झोप.

आपण गाढ झोपतो तेव्हा मेंदू दिवसभरातलं पुन्हा उगाळत असतो. जे उगाळलं जातं ते पक्कं होतं, बाकीचं पुसट होत जातं. एखादी गोष्ट शिकताना विशिष्ट सूर ऐकवला आणि गाढ झोपेत तोच सूर अगदी हळू पुन्हा ऐकवला, तर मेंदू नेमकी तीच गोष्ट उगाळायला घेतो. हे प्रयोगशाळांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. खेळाच्या कंपनीनं त्याचा पट्टा केला. नवराईत लिहायची बंदी आणि पाठांतर डोंगराएवढं, म्हणून कपाळाला बांधून झोपायचा पट्टा. तो मेंदूतल्या मंद लहरी मोजायचा, लाट वर आली की नेमका त्या क्षणी सूर वाजवायचा, आणि सकाळी मंत्र पाठ.

चूक साधी होती. दीक्षेच्या वेळी मागे वाजणारा सूरही पट्ट्याच्या यादीत राहिला. मंत्रांबरोबर आणाही रात्रीमागून रात्री उगाळल्या गेल्या, आणि आण मोडली तर सर्वनाश होतो ही भीतीही. ती भीती मेंदूत जिथे जाऊन बसली, तिथे सापाची आणि उंच कड्याची भीती असते. शाल्मलीची झोप सावध. पट्ट्याला तिच्यात उगाळण्याजोगं फारसं सापडलंच नाही. निनाद मात्र डोक्याशी ढोल वाजवला तरी न उठणारा.

तालुक्याच्या गावी मुक्काम करून एका सकाळी घरी परतताना तो पुलावरच्या लोखंडी पट्टीशी मोटारसायकल थांबवून उभा राहिला, तो पुढे गेलाच नाही.

*

"औषध आहे," शहरातल्या डॉक्टर तांबोळी काही महिन्यांपूर्वी म्हणाल्या होत्या. अशी पंधरावीस माणसं त्यांच्याकडे येत होती. "आठवण बाहेर काढली की ती काही तास मऊ असते. तेवढ्या वेळात औषध दिलं तर परत घट्ट होताना ती कमजोर होते. साधी भीती असेल तर दोनतीन बैठकांत काम होतं. पण ही शेकडो रात्री घट्ट केलेली आहे. वर्ष लागेल, कदाचित दोन."

"आईकडे तेवढा वेळ नाही," शाल्मली म्हणाली. "भूल देऊन पलीकडे नेलं तर?"

"नेता येईल. पण शुद्धीवर आल्यावर त्याला कळणारच, आपण कुठे आहोत ते. एकाला नेलं होतं तसं. त्याची आण वेगळी होती, पण झोपेत मोडली गेली. जागा झाल्यावर त्याच्या हृदयाची गती जी बिघडली ती आवरायला आम्हाला चार दिवस अतिदक्षता विभागात झटावं लागलं. तो वाचला. पाणी शरीराला काही करत नाही, शाल्मलीताई. पाणी ओलांडलं, हे माहीत असणं करतं."

मग त्यांनी दुसऱ्या आणेबद्दल विचारलं. शाल्मलीनं तिसऱ्या हाकेचं सांगितलं, आणि पुलावरचा एक प्रसंगही. अगदी सुरुवातीला, काहीच माहीत नव्हतं तेव्हा, ती पट्टीपलीकडे उभी राहून लहान मुलाला म्हणावं तसं म्हणाली होती, "ये रे निनू. काही होत नाही. ये." दुसऱ्या 'ये'ला त्याचं सगळं अंग पुढे झुकलं आणि पाय मागे रेटले गेले. ओठ काळेनिळे झाले. दातांवर दात धरून तो कसाबसा म्हणाला, "ताई, तिसऱ्यांदा म्हणू नकोस."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नका म्हणू. एकच आण असेल तर माणूस त्या वाटेनं जात नाही, एवढंच. इथे पुढं जाणंही बंद आणि न जाणंही बंद. अशा दोन आणा समोरासमोर आल्याचं एकच उदाहरण मला माहीत आहे. ती बाई तरुण होती. हृदय धडधाकट होतं."



*

"बोलावलंस का त्याला?" आई रोज विचारायची. पाठीशी तीन उशा, नाकाला प्राणवायूची नळी.

"बघू, आई."

"काय बघू? मी पाहते आहे ना वर्षानुवर्षं. दोन हाकांना ढिम्म हलायचा नाही तो. तिसरी मार, पळत येतोय."

"बघू."

'बघू' ही शाल्मलीची ढाल होती. हो म्हणायला छाती नव्हती, नाही म्हणायलाही नव्हती. आईला ती आणेचं पुन्हा पुन्हा समजावून सांगायची. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "वर्गात एक पोरगं होतं माझ्या. फळ्यापाशी आलं की पाय कापायचे. हाताला धरून नेलं, झालं." पाय कापणं आणि हृदय थांबणं यातलं अंतर आईला पटत नव्हतं. पटवून घ्यायला तिच्याकडे दिवसही नव्हते.

शेजारच्या हिराकाकू रात्रपाळीला बसायच्या. एकदा त्यांनी शाल्मलीला ओसरीवर गाठलं. "जीव अडकलाय गं तिचा पोरासाठी. श्वास बघितलास का? सोडती आणि परत धरती. दाराकडं बघून परत धरती. असं किती दिवस चालायचं?"

घरात जाऊन ताट वाढून घेताना शाल्मलीला आठवलं की आपण एकट्या जेवतोय. मग ती जेवली.

*

वळसा घालायची कल्पना तिला नकाशावरच सुचली, आणि इतकी उशिरा सुचली याचं तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. प्रत्येक नदीला एक टोक असं असतं की त्याच्या वर ती नसते. पावसाचा थेंब जिच्या अलीकडे पडला तर एका नदीत आणि पलीकडे पडला तर दुसरीत जातो, ती रेषा म्हणजे जलविभाजक. त्या रेषेवरून चालणाऱ्याला वाहतं पाणी कधीच आडवं येत नाही. येऊच शकत नाही. जांभळी पश्चिमेच्या सड्यावर, उंच खडकाळ पठारावर, उगम पावते. अलीकडच्या काठानं चढत उगमापर्यंत जायचं, उगमाच्या डोक्यावरून वळायचं आणि पलीकडच्या दांडानं, डोंगराच्या सोंडेवरून, खाली माळेवाडीत उतरायचं. पुलावरून पाव तासाचं अंतर, वळशानं दोन दिवसांचं. चैत्र संपत आला होता आणि लहान ओढे कोरडे ठणठणीत होते.

अडचण एकच होती. माळेवाडीच्या वर, दांडावरूनच, उपसा योजनेचा कालवा गेला होता. निसर्ग माथ्यावर पाणी ठेवत नाही, माणसानं पंप लावून ते चढवलं होतं. तिनं पाटकऱ्याला, बाबासो चव्हाणांना, फोन केला. कालव्याचं पाणी सोडणं-बांधणं त्यांच्याकडे होतं.

"पाण्याची पाळी संपली की ताई, गेल्या महिन्यातच. आता कालव्यात सरडं पळत्यात. बिनघोर या."

निनादला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अवेरनमध्ये सुद्धा आपण इतकं लांब गेलो नाही कधी."

भाड्याच्या जीपनं आणि जिथे जीप चालत नव्हती तिथे पायी, आईला हिराकाकूंवर सोपवून ती दोघं निघाली. निनाद अनेक महिन्यांनी मोकळा हसला. कोरड्या ओढ्याशी आलं की तो थांबायचा, वाकून वाळूत हात घालायचा आणि म्हणायचा, "ओल आहे, वाहत नाही. पास." वर्गात गणित तपासताना म्हणत असावा तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उगमाशी पोचली. करवंदीच्या जाळीत दगडी कुंड होतं आणि त्याच्या खालच्या ओठातून करंगळीएवढी धार निघत होती. हीच पुढे जाऊन नदी होणार आणि तिच्यावर पूल लागणार, हे खरं वाटत नव्हतं.

निनाद धारेपासून लांबून, कुंडाच्या वरच्या अंगाला गेला. खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली, दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं ठोकली. ती वाकून निकामी झाल्यावर त्यानं ती हलकेच कुंडात सोडली.

"अजून मानतोस हे?" शाल्मलीनं विचारलं.

"मानत नाही. पण जमतं बरोबर." तो पाण्याकडे बघत होता. "लोकांना वाटतं मला पाण्याची भीती वाटते. तसं नाही गं. आपल्या नवराईत पलीकडचा मुलूख मेलेल्यांचा. पुलाशी उभं राहिलं की मला वाटतं, पलीकडे जायचं ते आईनं. मी कसा जाऊ? आणि ती तर आधीच तिकडे आहे."

शाल्मलीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं कुंडाला वळसा घालून पलीकडच्या दांडावर आली. त्याचा अंगठा सरळ होता.

*

दुपार कलली तेव्हा टाकीचा पांढरा गोल दिसला. आता तो समोर होता, मध्ये नदी नव्हती. निनाद पुढे चालत होता, जवळजवळ पळतच. शाल्मली मागून ओरडली, "हळू रे," आणि तेवढ्यात तो थांबला.

कालवा भरून वाहत होता.

फार मोठा नव्हता. कॉलेजात शिकणाऱ्या निनादनं उडी मारून पार केला असता एवढाच. सिमेंटच्या दोन काठांमधून गढूळ पाणी गुपचूप, एकसारखं चाललं होतं. पलीकडच्या काठावर बाबासो पाटकरी खोरं टेकून उभे होते. या दोघांना बघताच त्यांनी टोपी काढली.

"कालव्याच्या शेपटाकडच्या गावांस्नी पाणी पोचलं न्हवतं, ताई. काल मोर्चा आला. मग वाढीव पाळी दिली साहेबांनी. तुम्हाला कळवायचंच राहिलं बघा."

"बंद करता येईल?"

"आता हुकूम केला तरी वरचं पाणी उतरायला उद्याची दुपार. आणि पाझर पंधरवडाभर चालतोय. शिवाय माझ्यानं बंद नाय व्हायचं, खालची पिकं जळत्यात." त्यांनी निनादकडे पाहिलं. निनादचे दोन्ही हात मुठी वळून छातीशी आले होते. "फळी टाकू का? न्हाईतर पाठुंगळी घेतो की सायबांस्नी. डोळं मिटून घ्या. दोन पावलं तर हायत."

"माहीत असतं हो मला," निनाद म्हणाला. "डोळे मिटले तरी माहीत असतं."

वळसाही नव्हता. वरच्या टोकाला नदीपासून चढत आलेली पोलादी नळी होती, नळीत पाणी होतं. खालचं टोक ओढ्यात आणि ओढा नदीत. शाल्मलीनं हे सगळं मनात फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि मग बाबासोंनी टाकलेल्या फळीवरून पलीकडे गेली. का गेली ते तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित आईच्या बाजूला कोणीतरी असावं म्हणून.

फोन वाजला. हिराकाकू होत्या. "शालू, ती फोन मागतीये. स्वतःहून. श्वास लई वाईट आहे गं, लवकर बोल."

शाल्मलीनं फोनचा आवाज मोठा केला. आधी नुसता घरघरणारा श्वास आला. मग आई.

"पोचला का?"

"कालव्याशी आहे, आई."

"कुठला? आपल्या मळ्याच्या वरचा?"

"हो."

"मग आलाच की." श्वास. "निनू?"

"आई," निनाद कालव्यापलीकडून मोठ्यानं म्हणाला. "आई, मी इथंच आहे."

"डबा आणलास का परत?"

त्याला हसू फुटलं आणि हसता हसता तो रडायला लागला. "आणलाय. धुवून आणलाय."

"शालू, मार हाक त्याला." आईचा आवाज खाली गेला, मग पुन्हा वर आला. "मी वाट बघतीये कधीची. मार की."

निनाद दोन पावलं पुढे आला. अंगठा वळला, पोटरी ताठली. तिथेच तो रोवल्यासारखा उभा राहिला.

"मार ना, ताई," तो म्हणाला. "माझ्यानं मला येता येत नाही. तू बोलावलंस तर येता येईल. किती दिवस मी त्याचीच वाट बघतोय, तुला माहीत आहे."

"या काठाला पोचशील?"

"माहीत नाही."

"पोचून तिच्यापर्यंत चालत जाशील?"

"माहीत नाही म्हटलं ना." तो चिडला नव्हता, फक्त फार थकला होता. "पण तिच्याकडे निघालो होतो एवढं तरी होईल. हे माझं मी ठरवायचं, ताई. मी लहान नाही."

"ठरवायचं तू," शाल्मली म्हणाली. "पण हाक माझी आहे."

बाबासोंनी खोरं खाली ठेवलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं. फोनमध्ये श्वास आत गेला, थांबला, अडखळत बाहेर आला. आई दाराकडे बघत असणार. श्वास सोडून पुन्हा धरत असणार. शाल्मलीला समोर निनाद दिसत होता, नदीवरून ओल्या चड्डीत धावत येणारा, तिसऱ्या हाकेचा. तिनं तोंड उघडलं असतं तर तो आत्ताही तसाच धावत आला असता. कालव्याचं पाणी त्या दोघांच्या मधून चाललं होतं, खालच्या गावांकडे. त्यात एक वाळलेलं पान आलं आणि निघून गेलं.

"शालू?" आई म्हणाली. "बोलावतीस ना?"

शाल्मलीनं फोन तोंडाजवळ घेतला. 'बघू' जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"नाही, आई," ती म्हणाली, निनादलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "मी त्याला बोलावणार नाही. तो येणार नाही. तू आता वाट बघू नकोस."